पिवळा थोडा कमी

२ मार्च, रविवार

मास्तरांनी आज बातमी दिली. मास्तर म्हणजे आमच्या रविवारच्या चित्रमंडळाचे म्होरके. शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले, पण शिकवायची खोड काही निवृत्त झाली नाही. मे महिन्यात वाचनालयाचा वरचा हॉल आठवडाभर मिळतोय. प्रत्येकाचं एक चित्र, तेही नवं. "जुनं उकरून आणलंत तर दारातून परत पाठवीन," म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा मला भिंत मिळणार. आयुष्य गेलं गाड्यांच्या पत्र्यांत. कुणी गाडी ठोकायची, आमच्या गॅरेजात ती ठाकठीक व्हायची आणि दुरुस्त केलेल्या भागाचा रंग बाकीच्या गाडीशी जुळवून द्यायचा मी. चित्रं काढायची ती कामावरून आल्यावर, हात रॉकेलने धुऊन. लहानपणी फरशीवर कोळशाने घोडे काढले आणि मार खाल्ला, तेव्हापासूनचा नाद. चित्रं पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर. ही म्हणते, "झाडू घालायला गेलं की तुमची कला आडवी येते."

घरी येऊन काय काढावं याचा मोठ्याने विचार करत बसलो होतो. ही चहा गाळत होती. वळून न बघता म्हणाली, "माझं काढा."

लग्न झाल्यापासून हिच्या विनवण्या केल्या, घटकाभर समोर बस म्हणून. दर वेळी "मला दुसरी कामं नाहीत का?" चोरून हात काढले हिचे, पाठमोरी काढली, झोपलेली काढली तेव्हा तर घरात अबोला झाला. आणि आज स्वतःहून!

"आज हे काय सुचलं?"

"सुचलं. काढायचं असेल तर काढा, नाहीतर तुमची फुलदाणी आहेच."

फुलदाणी गेली खड्ड्यात. पुढच्या रविवारी बसायचं ठरलं.

५ मार्च, बुधवार

आज अब्रू गेली. पांढऱ्या गाडीचं दार. पांढरा हा सगळ्यात लबाड रंग, त्यात थेंबभर पिवळा, थेंबभर काळा, कुठे निळ्याचा वास. मी जुळवला, पिचकारीने मारला (रंग फवारतो म्हणून त्याचं नाव पिचकारी, खरं नाव तोही विसरला असेल). गाडी उन्हात काढली आणि गिऱ्हाईक म्हणाला, "दार दुसऱ्या गाडीचं लावलंत का?"

मला दार आणि गाडी एकच दिसत होती. मी मालकांकडे बघितलं, मालक पिचकारीकडे, पिचकारी जमिनीकडे. मालक मला घार म्हणतात, डोळा तसा म्हणून. आज "घार" म्हणाले नाहीत. "दार फारच पिवळं झालंय हो," एवढंच म्हणाले. पिचकारीने दार पुन्हा घासायला घेतलं आणि मी बादल्या धूत बसलो. डोळा गेला तर माझ्याकडे दुसरं आहेच काय? नोकरीही डोळ्यावर आणि चित्रंही डोळ्यावरच.

हिला सांगितलं नाही. जेवताना "डोकं दुखतंय" म्हटलं. हीसुद्धा अर्धं ताट ठेवून उठली, "माझंही दुखतंय" म्हणाली. चांगली जोडी आहे.

८ मार्च, शनिवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. डोळ्यांच्या डॉक्टरीण बाई आमच्या लेकीएवढ्या. म्हणाल्या, "काका, तुम्हाला सगळं जग जरा पिवळं दिसत असणार. काचेवर चहाचे डाग बसत जावेत तसं. हळूहळू होतं म्हणून कळत नाही."

म्हणजे माझी चूक नाही, काचेची चूक. मला इतकं हलकं वाटलं की बाहेर येऊन दोन कप चहा प्यायलो. आधी उजवा, मग महिन्याभराने डावा. सोपं असतं म्हणे.

हिला सगळं सांगितलं, दाराचंही. हिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुम्हाला मीसुद्धा पिवळी दिसते?"

"तू, भिंत, दूध, सगळं."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा, "बरं."

९ मार्च, रविवार

पहिली बैठक. खिडकीशी खुर्ची, खांद्यावर निळी शाल. आज फक्त कोळसा. चेहरा कागदावर येईना, कारण माझ्या डोक्यातला चेहरा गोल आहे आणि समोरचा नाही. गाल आत गेलेत, गालफडं वर आलीत. चित्रकाराच्या दृष्टीने छानच, धरायला हाडं मिळतात.

"बारीक झालीस गं."

"दोघांपैकी कुणीतरी व्हायला पाहिजे ना. तुम्ही तर सुटतच चाललात."

तासाभरात दमली. नुसतं बसून माणूस दमतं कसं? मॉडेल म्हणून बसणं सोपं नसतं असं मास्तर म्हणतात ते खरं असणार. पण रेघ आज सापडली. कानापासून हनुवटीपर्यंत एका दमात आली. अशी रेघ वर्षातून एकदा येते.

१३ मार्च, गुरुवार

युक्ती सापडली! राखाडी गाडीचं बॉनेट होतं. मी स्वतःशीच नियम केला: डोळा मागेल त्याहून पिवळा थोडा कमी घालायचा. डोळा म्हणाला अजून दोन थेंब, मी एकच टाकला. डोळा म्हणाला चुकतोयस, मी म्हटलं तू गप्प बस, तुला मोतीबिंदू झालाय. उन्हात काढल्यावर बॉनेट आणि गाडी एकजीव! मालकांनी पाठीवर थाप मारली. "घार परत आली."

दुखऱ्या डोळ्यावर हिशेबाने मात करता येते तर. मला स्वतःचाच अभिमान वाटला. लिहून ठेवतो, कारण असा अभिमान माझ्या वाट्याला क्वचित येतो.

१६ मार्च, रविवार

आज रंग. नियम इथेही लावला. हिच्या कपाळाचा रंग पॅलेटवर कालवताना डोळा सारखा पिवळा मागत होता. इतका पिवळा की मलाच हसू आलं. मी निम्म्याच्याही खाली ठेवला, त्यात थोडा गुलाबी टाकला. कॅनव्हासवर कपाळ असं उजळलं की काय सांगू. लग्नाच्या वेळची आठवण आली.

हिचं चित्त मात्र थाऱ्यावर नाही. सारखे हात खाजवते. मी दोनदा ओरडलो, "हलू नकोस!" तर म्हणाली साबण बदललाय, तो मानवत नाही. मग जुना आण की! बाह्या वर केल्या तर हातांवर नखांचे ओरखडे. माझ्या नशिबी मॉडेल मिळालं तेही खरूज झालेलं, असं म्हटलं. हसली. पण शाल हातांवर ओढून घेतली, त्यामुळे हात काढायचे राहिले.

२१ मार्च, शुक्रवार

गॅरेजात माझ्या मोतीबिंदूची बातमी फुटली. पिचकारी म्हणाला, "कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. काका, तुम्हाला कावीळच असेल, बघा!" दिवसभर तेच चाललं. कुणी चहा दिला तर "पिवळा आहे का पांढरा?" मीही हसलो. हसायला मिळालं तर कुणाला नको?

घरी येऊन हिला रंगवून सांगितलं. मला वाटलं हसेल, उलट एखादं खोचक बोलेल. ही उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. हिचं विनोदाशी अलीकडे जमत नाही.

२७ मार्च, गुरुवार

शेजारीण, जिला आम्ही रेडिओ म्हणतो, गेले काही दिवस बंद आहे. एरवी जिन्यात गाठून अर्धा तास बातम्या. आज समोरून आली, माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. मी विचारलं, "काय वहिनी, बॅटरी संपली का?" तर म्हणाली, "भावजी, तुम्ही डोळ्यांचं ऑपरेशन लवकर करून घ्या हो." आणि डोळ्यांत पाणी. माझ्या मोतीबिंदूचं शेजारणीला इतकं दुःख! मला भरून आलं. ही म्हणाली, "तिला काय, ती मालिका बघूनही रडते." दोघींचं काहीतरी बिनसलेलं दिसतं, आजकाल हीच तिला दारातून परत पाठवते.

३० मार्च, रविवार

आज मन लागत नाही म्हणून सविस्तर लिहितो.

डोळे रंगवायला घेतले होते. डोळ्यातला पांढरा भाग पांढरा नसतो, हे चित्रकाराला पहिल्या वर्षी कळतं. थोडा निळसर, थोडा करडा. हिचा मला पिवळा दिसत होता. नियमाप्रमाणे वजा केला, तरी उरला. आणखी वजा केला, तरीही उरला. तेव्हा मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी उठलो आणि कोरा कागद हिच्या गालाशी नेऊन धरला. कागद पिवळट दिसला, तो दिसणारच. पण ही कागदाहून पिवळी. बरीच.

छातीत धस्स झालं. म्हटलं, "तुला बरं नाहीये का?"

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तो पडदा बघा कसला लावलाय."

पडदा! खिडकीचा मोहरीच्या रंगाचा पडदा. त्यातून येणारा सगळा उजेड हिच्या तोंडावर पडतो. मास्तर कानीकपाळी ओरडतात, की वस्तूला स्वतःचा रंग नसतो, शेजारचा रंग तिच्यावर उडतो. एवढं साधं मला सुचू नये? चाळीस वर्षं ब्रश धरणाऱ्या मला हिने धडा द्यावा! मी हसलो, हीही हसली. डोळे निळसर करड्याने रंगवून टाकले. सुंदर झालेत.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दूर, नोकरीच्या गावी. "आई, व्हिडिओ लाव ना, तुझं तोंड बघू दे." हिने कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलं. मी म्हटलं अगं परवा तर चालत होता, तर हिने मला डोळ्यांनी दटावलं. मायलेकींचे काय खेळ चालतात कळत नाही. पुढे मीच बोललो, चित्राबद्दल. लेक म्हणाली, "बाबा, आईला इतका वेळ बसवू नका." सगळे हिच्याच बाजूचे.

आता लिहिताना पुन्हा ते धस्स आठवलं. पडदा आहे, दुसरं काही नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

ऑपरेशनची तारीख मिळाली होती, येत्या मंगळवारची. ही अडून बसली. "आधी चित्र पुरं करा. एकदा डोळा कापला की कसा होईल कुणी सांगावं? रंग बदलले तर चित्राचे दोन तुकडे दिसतील."

मुद्दा बिनतोड आहे. अर्धं चित्र एका डोळ्याने आणि अर्धं दुसऱ्याने, असं ठिगळ नको. तारीख पुढे ढकलली, बावीसची घेतली. मला वाटायचं हिला माझ्या चित्रांचं काही नाही. उलट माझ्यापेक्षा हिलाच जास्त काळजी. इतकी वर्षं मी हिला ओळखलंच नाही की काय, असं वाटून लाज वाटली.

१३ एप्रिल, रविवार

पुरं झालं.

सही केली. चांगलं झालंय. हे मी कधी लिहीत नाही, आज लिहितो. निळी शाल, मागे अंधारी भिंत आणि त्यातून पुढे आलेला उजळ, तुकतुकीत चेहरा. जिवंत माणूस बसलंय.

ही शेवटच्या बैठकीला अर्ध्या तासातच भिंतीला टेकली होती. उठवून चित्रासमोर उभी केली. माझ्या दंडाला धरून उभी राहिली. बराच वेळ बघितलं.

"अशी दिसते मी?"

"अशीच."

"नक्की?"

"मी चाळीस वर्षं रंग जुळवतोय. अशीच दिसतेस."

"मग झालं तर," म्हणाली आणि शालीच्या टोकाने डोळे टिपले. टर्पेंटाइनचा वास झोंबला असेल, खोली लहान आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

उजवा डोळा झाला. पट्टी आहे, डाव्या डोळ्याने लिहितोय, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. सोबत पिचकारी आला होता. ही आली नाही. दवाखान्याचा वास सोसत नाही म्हणे. लेकीच्या बाळंतपणात त्याच वासात आठवडा काढला होता. मला वाईट वाटलं, बोललो नाही. उद्या पट्टी निघेल.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी पट्टी काढली. डॉक्टरीण बाईंचा डगला इतका पांढरा की मी डोळा मिटून घेतला. मग उघडला. मी लहान पोरासारखा हसत सुटलो. रस्त्यावर निळे रंग! पाण्याच्या टाक्या निळ्या, एका मुलीचं दप्तर निळं, आभाळ तर विचारू नका. इतकी वर्षं मी चहाच्या कपातून जग बघत होतो. पिचकारीला थांबवून थांबवून दाखवत होतो, तो म्हणाला, "काका, हे सगळं आधीपासून आहे."

घरी आलो. दार हिने उघडलं.

मी विचारलं, पडदा कुठे आहे? म्हणाली, धुतलाय, वाळत घातलाय. खिडकी उघडी होती, स्वच्छ पांढरा उजेड घरभर. भिंत पांढरी. दाराची चौकट पांढरी. त्या चौकटीत ही उभी.

पुढे लिहवत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

काल सकाळीच दवाखान्यात नेलं. नर्सने हिला बघितलं आणि रांगेतून थेट आत घेतलं. कुणी कागद गालाशी धरला नाही, कुणी पडदा बघितला नाही. नुसतं बघितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "पिवळेपणा कधीपासून?"

मी म्हटलं, मार्चपासून. हिने माझ्याकडे चमकून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "मार्चपासून? आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

आलं होतं. माझ्या लक्षात आलं होतं, दर रविवारी आलं होतं. मी ते पॅलेटवरून पुसून काढत होतो. हे मी त्यांना सांगितलं नाही. काय सांगणार?

२९ एप्रिल, मंगळवार

रिपोर्ट आले. स्वादुपिंडाशी गाठ आहे. तिने पित्ताची वाट अडवलीय, म्हणून हा रंग. यकृतातही गेलीय. नळी घालून बघतील, खाज तरी थांबेल. डॉक्टर खूप हळू बोलत होते. मी विचारलं, मार्चमध्ये आलो असतो तर? त्यांनी चष्मा पुसला. "सांगता येत नाही," म्हणाले. चांगला माणूस आहे. पण सांगता येत नाही म्हणजे नाही असं नाही, एवढं मला कळतं.

लेक आलीय. हिला बघून आधी बाथरूममध्ये जाऊन रडली, मग बाहेर येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, तुमचं कामच रंगाचं आहे ना?"

ही आतून ओरडली, "त्यांना काही बोलू नकोस!" तेवढ्यानेही धाप लागली.

३० एप्रिल, बुधवार

आज लेक औषधं आणायला गेली तेव्हा मी विचारलं. बरेच दिवस घशात होतं.

"तुला माहीत होतं?"

"आरसा आहे की घरात."

"कधीपासून?"

"चित्र काढा म्हटलं ना, त्याच्या थोडं आधी. नुसतं पोटात दुखायचं तेव्हाच मला कळलं होतं. माझ्या आईचं असंच झालं होतं."

"मग बोललीस का नाहीस? पडदा काय, साबण काय! मी मूर्खासारखा—" मी ओरडलो. आजारी बायकोवर ओरडलो, हेही लिहून ठेवतो.

ही शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "भीती वाटली. दवाखान्यात गेलं की आजाराचं नाव कळणार. आईच्या आजाराचं कळलं आणि त्या दिवसापासून सगळे तिच्याकडे वेगळंच बघायला लागले. मीसुद्धा. रेडिओ तशीच बघायला लागली, म्हणून तिला येऊ नको म्हटलं. घरात तुम्ही एकटे मला पूर्वीसारखे बघत होता. रविवारी दोन तास तरी मी पूर्वीसारखी होते. मला ते सोडवेना."

"अगं, पण वेळ गेला."

"माहीत आहे," म्हणाली. "माझा गेला. तुम्ही नका जीव खाऊ स्वतःचा."

मला राग कुणाचा यावा तेच कळत नाही. हिचा येतो, मग माझा येतो, मग पुन्हा हिचा. आणि राग ओसरला की खाली जे उरतं त्यापेक्षा राग बरा.

४ मे, रविवार

प्रदर्शन सुरू झालं. चित्र मागेच मास्तरांकडे दिलं होतं, परत आणायला गेलो. जिना चढून गेलो तर समोरच्या मोठ्या भिंतीवर, अगदी मधोमध लावलेलं. समोर माणसं उभी. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होत्या, "कातडीचा रंग बघ, किती निरोगी."

मास्तरांनी मिठी मारली. "हे तुझं सगळ्यात खरं चित्र," म्हणाले.

मला मास्तरांचा गळा धरावासा वाटला. नव्या डोळ्याने मी पहिल्यांदाच ते चित्र बघत होतो. कपाळ गुलाबी, डोळे निळसर करडे, मान तजेलदार. या बाईला मी ओळखत नाही. ही बाई मी बनवली, दर रविवारी, हिशेबाने. आणि खरी बाई समोर खुर्चीत बसून संपत होती.

मास्तरांना म्हटलं, चित्र काढून द्या. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतोय. मग माझं तोंड बघून त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. मास्तर चित्राशी गेले, खिळ्यावरून उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. शिकवलं काहीच नाही.

१० मे, शनिवार

नळी बसवून पाहिली, बसली नाही. दुसऱ्यांदा घालण्याइतकी हिच्यात ताकद नाही. घरी आणलंय. लेकीने रजा वाढवलीय. मी गॅरेजात जात नाही, मालक म्हणाले घार येईल तेव्हा येऊ दे. पिचकारी रोज दारात फळं ठेवून बेल न वाजवता पळतो.

आता काविळीवर विनोद करत नाही कुणी. मीच एकदा केला. ही हसली. हसताना दात फार पांढरे दिसतात.

१८ मे, रविवार

सवयीने ब्रश घेतला. म्हटलं आता तरी खरं काढू. पिवळा पिळला, त्यात किंचित हिरवा, किंचित तपकिरी. एका फटक्यात जुळला. आयुष्यात इतका अचूक रंग मी जुळवला नसेल. पॅलेटवर तो ओला चकचकीत रंग बघितला. पुसून टाकला. तीन फडकी खराब झाली तरी जाईना.

ही पलंगावरून बघत होती. "नका काढू," म्हणाली. "आहे ते राहू दे."

गुंडाळलेलं वर्तमानपत्र काढून जुनं चित्र हिनेच पलंगासमोर लावून घेतलंय. लेकीला बघवत नाही, तिने खुर्ची फिरवून बसायला सुरुवात केलीय.

२६ मे, सोमवार

डोळ्यांच्या दवाखान्यातून फोन होता. डाव्या डोळ्याची तारीख. मी म्हटलं आता नको. डॉक्टरीण बाई स्वतः फोनवर आल्या. "काका, एक डोळा असा आणि एक तसा, त्रास होतो. करून घ्या." त्रास होतोच. एका डोळ्याने उशी पांढरी, दुसऱ्याने पिवळी. चालताना तोल जातो. तरी नको म्हटलं. ऑपरेशनच्या दिवशी हिच्याजवळ कोण बसेल, असं कारण दिलं. लेक आहे बसायला, हे त्यांना माहीत नाही.

३ जून, मंगळवार

आता फारसं बोलत नाही. झोपते, जागी होते, पाणी मागते. लेक दुपारी जरा आडवी झाली होती. मी खुर्चीत. ही जागी झाली, माझ्याकडे बघत राहिली. माझं तोंड कसं झालं असेल कुणास ठाऊक. मी आवरायचा प्रयत्न केला. नाही जमलं बहुधा.

"तुम्हीपण तसेच बघायला लागलात," म्हणाली.

"नाही गं."

"बघता. त्यात तुमचा काय दोष." दम घेतला. "तो दुसरा अजून केला नाहीत ना?"

"नाही केला."

"मग त्याने बघा की माझ्याकडे."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्याने बघितलं. उशी पिवळी, चादर पिवळी, भिंत पिवळी, खिडकीतला उजेड चहासारखा. त्या सगळ्यात ही.

"दिसते का पूर्वीसारखी?"

नाही दिसली. एकदा कळलं की जुना डोळाही जुना राहत नाही. कागद गालाशी धरला होता त्या दिवशी जेवढी पिवळी दिसली होती, त्याहून कितीतरी जास्त.

"हो," म्हटलं. "अगदी तशीच."

हिने डोळे मिटले. चेहरा सैल झाला, बऱ्याच दिवसांनी. झोपली असं वाटून मी हात खाली घेऊ लागलो, तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "राहू दे ना जरा."

लेक उठून आली तेव्हा मी तसाच बसलो होतो. तिने विचारलं, "बाबा, डोळा दुखतोय का?" मी मान हलवली. खांद्याला रग लागली होती, पण हात काढला नाही.